जयसिंग ट्रॅक्टरवरून पडला नव्हता

उत्तर न दिलेली पत्रं बहुतेकांच्या घरी असतात. माझ्याकडे एकच आहे, पण ते बारा मार्च एकोणीसशे पंच्याहत्तरचं आहे. निळं अंतर्देशीय, घड्यांवर विरलेलं, मऊरानीपूरहून आलेलं. मऊरानीपूर आमच्या झाशीपासून पासष्ट किलोमीटर. बस दिवसभर मिळते. मग पन्नास वर्षं कशी लागली, हा प्रश्न आमच्या घरी विचारून झालेला आहे. वाचकांनी पुन्हा विचारू नये.

पत्र जयसिंग परिहारचं. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या फौजी तुकडीत आम्ही बरोबर होतो. तो ट्रक चालवायचा, मी कारकून. त्यानं लिहिलं होतं :

"शरद भाई, राम-राम. सात साल पूरे करके घर आ गए हैं. टाँग अब भी घसीटनी पड़ती है. तुम्हें तो याद होगा, पाँच दिसंबर को लगी थी और बाईस दिन फौजी अस्पताल में पड़े रहे. यहाँ सब कहते हैं कि जयसिंग ट्रैक्टर से गिरा है, बम की कहानी बनाता है. अस्पताल की पर्ची दीमक खा गई. सुना है घायलों को मेडल मिल रहा है, हमारा नहीं आया. तुम कागज वाले आदमी हो. एक कागज भेज दो."

एवढंच. यात उत्तर द्यायला अवघड असं काय आहे? काहीच नाही. फक्त, हे पत्र येण्याच्या तीन आठवडे आधी माझ्या पत्त्यावर एक रजिस्टर्ड पाकीट आलं होतं आणि त्यात युद्धात जखमी झालेल्या सैनिकाला देतात ते पदक होतं. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं होतं. माझं.

युद्धात मी जखमी झालो नव्हतो. घट्ट दुधाचा डबा उघडताना अंगठा कापला होता खरा, पण तो मीच बांधला होता आणि सरकारला कळवलं नव्हतं. जयसिंगचं पदक माझ्याकडे कसं आलं हे मला ते हातात घेताच कळलं. ते पुढे सांगतो. एकदम सांगायचा धीर होत नाही.

उत्तर मी लिहायला घेतलं नाही असं नाही. पहिल्या मसुद्यात 'प्रिय जयसिंग' लिहिलं आणि पुढे सुचेना. सहाव्यात 'प्रिय' काढलं. सतरावा मसुदा नऊ पानांचा झाला आणि त्यात आठव्या पानापर्यंत युद्ध या संस्थेचा इतिहासच चालला होता. मला वाचनाची सवय आहे. वाचणाऱ्या माणसाला कबुली देण्याआधी प्रस्तावना लागते. शेवटी पत्र, पदक आणि सतरा मसुदे मी शब्दकोशाच्या चौथ्या खंडामागे ठेवले. आमच्या घरात तिथे कोणाचा हात जात नाही. मग एक आठवडा गेला, मग लाज वाटली म्हणून महिना गेला, आणि उशिराचं एक वाईट असतं, जितका उशीर होतो तितकी क्षमा मोठी मागावी लागते. शेवटी ती इतकी मोठी झाली की कुठल्याच पाकिटात मावेना.

पुढे मी फौजेतून निवृत्त झालो, इथल्या कारखान्याच्या ग्रंथालयात लागलो, तिथूनही निवृत्त झालो. झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या या दोन खोल्यांत कोश माझ्याबरोबर आला आणि कोशामागचंही आलं.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो. आपण जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी अंगठा टेकवून सांगावं लागतं. शेजारचे मुकेशजी बरोबर होते. मुकेशजी रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आता मोहल्ल्याच्या समितीचे सचिव आहेत आणि अजूनही प्रत्येकाकडे तिकीट आहे का अशाच नजरेनं बघतात. ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानातल्या सुजयनं संगणकावर माझी नोंद उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "अंकल, इसमें तो मेडल चढ़ा है. युद्ध में घायल. सन इकहत्तर!"

आधी या नोंदी कुठल्यातरी गठ्ठ्यात बांधलेल्या होत्या. आता सगळं संगणकावर चढवलंय. प्रगतीला माझा विरोध नाही, पण काही गठ्ठे बांधलेलेच बरे असतात.

मुकेशजी क्षणभर गप्प झाले. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. हा प्रकार नवीन होता. मग म्हणाले, "शरद बाबू! बीस साल से हमारी बगल में एक वीर रह रहा है और हमें पता नहीं?"

"मुकेशजी, ते, वो, असल में—"

"बस! कुछ मत बोलिए. असली वीर बोलता नहीं."

मी मुळातच बोलत नाही. पण त्याचा असा अर्थ आजवर कोणी काढला नव्हता. मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. दूधवाला मला 'फौजी साहब' म्हणाला.

जानकी दारातच उभी होती. ती ग्वाल्हेरची, तिचं मराठी जुनं आहे आणि राग आला की त्यात हिंदी मिसळतं.

"अहो, मुकेशभैयाची बायको काय सांगून गेली? तुम्हाला गोळा लागला होता?"

"गोळ्याचा तुकडा," मी म्हटलं. नको तिथे अचूकपणा आडवा येतो.

"कुठे?"

"डाव्या मांडीला. म्हणजे कागदावर."

जानकीनं पदर खोचला. "अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला मी. डाव्या मांडीला काय आहे ते मला ठाऊक नाही? तिथे पांडे वकिलांचा कुत्रा चावला होता. सत्त्याऐंशी साली. चौदा इंजेक्शनं. रोज मीच घेऊन जात होते, रिक्षात तुम्ही कण्हत होता. हा गोळा कुठून आला मधेच?"

मी कोशाचा चौथा खंड बाजूला केला आणि सगळं तिच्यासमोर ठेवलं. तिनं जयसिंगचं पत्र वाचलं. मसुदे वाचले नाहीत. नऊ पानं बघून बाजूला ठेवले. पदक हातात घेऊन कडेवरचं नाव वाचलं.

"यानं पन्नास वर्षं लोकांचं ऐकून घेतलं असेल," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही इथे बसून पुस्तकं वाचत होता."

मी चष्मा पुसला.

"ज्याचं आहे त्याच्या नावावर करून द्या. आणि त्याला कळवा. कुठलं आधी करायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले."

मी ठरवलं की आधी नोंद दुरुस्त करावी आणि मग कळवावं. म्हणजे पत्रात सांगायला काहीतरी चांगलं असेल. त्या वेळी हा विचार मला फार सुज्ञ वाटला. आता कळतं की तो अठरावा मसुदा होता.

माजी सैनिकांची कामं बघणारं एक कार्यालय आमच्या शहरात आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला पुन्हा जायचं आहे. तिथले श्रीकृष्ण बाबू निवृत्त सुभेदार, आयुष्य फौजेतल्या कारकुनीत गेलेलं. कानावर पेन्सिल, टेबलावर आठ-दहा शिक्के.

"मेडल नहीं मिला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मिला."

"खो गया?"

"नहीं, सलामत है."

"तो तकलीफ क्या है?"

"यही, कि मिला."

आता त्यांनी मान वर केली. मी सांगू लागलो. मी एखादी गोष्ट सांगू लागलो की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट सहनशीलता येते; ती आली. पदक मला नको, ते मऊरानीपूरच्या जयसिंग परिहारचं आहे, माझ्या नोंदीतून काढा आणि त्याच्या नोंदीत घाला, एवढंच मला म्हणायचं होतं. अकरा मिनिटं लागली.

"शरद बाबू," ते म्हणाले, "बाईस साल से यहाँ बैठा हूँ. लोग लगवाने आते हैं. हटवाने वाले आप पहले हैं. हटवाने का फॉर्म ही नहीं है."

फॉर्म चार प्रकारचे होते. पदक मिळालं नाही, पदक हरवलं, पदक खराब झालं, आणि पदक घेणारा वारला. मी चौथ्याकडे जरा आशेनं पाहिलं.

"कोई एक तो भरना पड़ेगा," श्रीकृष्ण बाबू म्हणाले. "'खो गया' वाला भर दीजिए. नीचे कैफियत का खाना है, उसमें असली बात लिख दीजिए. ऊपर वाले पढ़ लेंगे."

मी कैफियतीत असली बात लिहिली. पण एकदम मुद्द्यावर येणं मला असभ्य वाटतं, म्हणून सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी दिली. कैफियतीचा रकाना संगणकात दोनशे अक्षरांचा असतो हे मला नंतर कळलं. पार्श्वभूमी दोनशे दहा अक्षरांची होती.

सरकारी काम इतक्या झपाट्यानं झालेलं मी जन्मात पाहिलं नाही. तीन आठवड्यांत पाकीट आलं. आत दुसरं पदक. कोरं, चकचकीत, कडेवर माझा नंबर, माझं नाव. सोबत चिठ्ठी होती, की पहिलं हरवल्याबद्दल खेद आहे, यापुढे काळजी घ्यावी.

जानकीनं दोन्ही पदकं तळहातांवर घेऊन तोलली. "आता जोडी झाली. कानांत घाला."

"अगं, चेष्टा काय करतेस."

"मी कशाला करू? तुमचं तुम्हीच करून राहिलात. त्या बिचाऱ्याकडे एक नाही, तुमच्याकडे दोन. अजून एक अर्ज करा, हार होईल."

श्रीकृष्ण बाबूंनी दुसरं पदक पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. त्यांच्या मते आता एकच मार्ग होता. मी जखमी झालोच नव्हतो असं डॉक्टरांनी लिहून दिलं पाहिजे. जखम नाही तर पदक नाही. तर्क शुद्ध होता. तर्काला पांडे वकिलांचा कुत्रा माहीत नव्हता.

छावणीतल्या त्या शांत, चुना मारलेल्या दगडांच्या रस्त्यानं मी जानकीला घेऊन फौजी दवाखान्यात गेलो. सत्तावन्न वर्षांपूर्वी याच रस्त्यावर भरतीच्या रांगेत मी उभा होतो आणि माझ्यामागे जयसिंग. भरती कार्यालयाच्या दाराशी आल्यावर मी बाजूला होऊन म्हटलं, "आप पहले." मला कुठेही आधी शिरायला संकोच वाटतो. तो हसला आणि आत गेला. त्याला एक नंबर मिळाला, मला त्याच्या पुढचा. तेव्हापासून प्रत्येक यादीत तो एका ओळीवर आणि मी त्याच्याखालच्या ओळीवर. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक घोटाळ्यांच्या मुळाशी 'आप पहले' आहे.

मेजर मयुरा म्हणून तरुण डॉक्टरीणबाई होत्या. फार आदरानं वागल्या; आधी सॅल्यूट केला. मी तिथेच निम्मा खचलो. मग त्यांनी मांडी तपासली.

"सर, ये रहा," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "काफी गहरा रहा होगा. लोहे का टुकड़ा ऐसे ही निशान छोड़ता है."

"कुत्ता," मी म्हटलं.

"जी?"

"वो कुत्ते का है."

डॉक्टरीणबाईंनी जानकीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत करुणा होती. "आंटी, इस उम्र में कई लोग पुरानी तकलीफ को भूलना चाहते हैं. मन दूसरी कहानी बना लेता है."

"अहो बाई," जानकी मराठीतच सुरू झाली, "मी स्वतः इंजेक्शनं मोजलीत! पांढरा केसाळ कुत्रा होता, रॉकी नावाचा, वाचनालयाचं पुस्तक परत मागायला हे त्यांच्या घरी गेले तेव्हा—"

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी लिहून दिलं : जुनी जखम, धातूच्या तुकड्यानं झालेल्या इजेशी सुसंगत. आतापर्यंत माझ्याकडे दोन पदकं होती. आता पुरावाही होता.

कुत्र्याचा दाखला मिळावा म्हणून मी पांडे वकिलांच्या घरी गेलो. वकील वारले, आता मुलगा वकील आहे. तो म्हणाला, "अंकल, हमारे रॉकी ने पूरी जिंदगी किसी को नहीं काटा. उसकी मौत के बाद आप इल्जाम लगा रहे हैं?" भिंतीवर कुत्र्याचा फोटो होता, हार घातलेला. मी त्या फोटोची क्षमा मागून परत आलो. खरोखर मागितली. का ते विचारू नका.

तोवर सोळा डिसेंबर आला. विजय दिवसाला मोहल्ल्यातर्फे माझा सत्कार ठरला होता. मी मुकेशजींना तीन वेळा नाही म्हटलं होतं. प्रत्येक नकारानंतर मांडव वाढत गेला. "विनम्रता देखिए," ते लोकांना सांगत, "मेडल हटवाने के लिए दफ्तर के चक्कर काट रहे हैं!" हे अक्षरशः खरं होतं आणि त्यामुळे माझी कीर्ती आणखी पसरत होती.

मी ठरवलं, सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. भाषण लिहिलं. जानकीनं वाचून पहिली तीन पानं फाडली. "एक वाक्य बोला. तुम्हाला दुसरं बोलायला कोणी देणार नाही."

शाल झाली, नारळ झाला. माझ्या हातात माईक दिला. माईक मी आयुष्यात प्रथमच धरत होतो. तो आधी किंचाळला. मी म्हटलं, "भाइयों और बहनों, यह मेडल मेरा नहीं है."

मला वाटलं, झालं. पन्नास वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं. मी पुढे बोलणार, इतक्यात मुकेशजींनी माईक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता.

"सुना आपने? कहते हैं, मेडल मेरा नहीं है! यह मेडल देश का है!"

टाळ्या थांबेनात. दोन म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. जानकीनं कपाळावर हात मारला. तोही लोकांना अभिमानाचाच वाटला असावा.

नंतर समोसे होते. मुकेशजींनी त्यांच्या साडूंना आणून माझ्याशेजारी बसवलं. साडूंचं मऊरानीपूरच्या मंडीत धान्याचं दुकान. गाव ऐकताच समोसा माझ्या हातातच राहिला.

"हमारे यहाँ भी एक फौजी हैं," साडू खात खात सांगत होते. "जयसिंग कक्का. लँगड़ाके चलत. रोज मंडी में आके बैठते हैं. कहते हैं बम का टुकड़ा लगा था. अब आप जैसे असली आदमी को देखके समझ में आता है, कागज तो होना चाहिए ना? एक कागज नहीं उनके पास. सब जानते हैं, ट्रैक्टर से गिरे थे. बच्चे तो पूछते हैं, कक्का, कौन कंपनी का ट्रैक्टर था?"

"वो क्या कहते हैं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"कुछ नहीं. पहले लड़ते थे. अब हँस देते हैं. एक बार किसी से बोले, हमारा एक दोस्त है झाँसी में, कागज वाला, वो भेजेगा." साडूंनी चटणी ओढली. "भेजेगा! पचास साल हो गए."

मी समोसा खाली ठेवला. शाल अंगावर होती. ती काढून घडी केली. पुन्हा उघडून पुन्हा घडी केली.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच मी दारात होतो. श्रीकृष्ण बाबू येताच मी प्रस्तावना न करता, थेट मराठीत बोललो; झाशीत राहून त्यांना ते समजतं. आयुष्यात प्रथमच.

"पदक त्याचं आहे आणि माझ्या नावावर मीच टाइप केलं. कसं ते सांगतो."

आणि मी सांगितलं. पाच डिसेंबर एकाहत्तर. आम्ही एका नाल्याच्या काठी होतो. तोफा सुरू झाल्या तेव्हा मी खंदकात उडी मारली आणि ओरडलो, "माझा टाइपरायटर!" कोणी ओरडतं, आई गं. मी टाइपरायटर म्हणून ओरडलो. जयसिंग खंदकात पोचलेला होता. तो परत वर गेला. टाइपरायटर छातीशी धरून येत असताना गोळा फुटला. तुकडा त्याच्या मांडीत. टाइपरायटर पडला, पण तोही वाचला. फक्त त्याचा कागद धरणारा रूळ सैल झाला.

त्या संध्याकाळी तुकडीच्या सगळ्यांची यादी वर पाठवायची होती, कोण ठीक, कोण जखमी. सहा प्रती, मध्ये कार्बन. तोच टाइपरायटर. माझी एक सवय होती, एकेक ओळ पूर्ण करण्याऐवजी मी आधी नंबर आणि नावांचा रकाना वरपासून खालपर्यंत टाइप करायचो, मग कागद मागे फिरवून शेऱ्यांचा रकाना. वेळ वाचतो.

श्रीकृष्ण बाबूंच्या हातातली पेन्सिल थांबली. "रकाना-रकाना? हम भी वैसे ही करते थे! साहब लोग डाँटते थे."

"सैल रूळ. कागद मागे फिरवताना वरचा जागेवर आला, आतले सरकले. एक ओळ. वरच्या प्रतीत 'जखमी' जयसिंगसमोर होतं, आतल्या प्रतींत त्याच्या खालच्या ओळीवर. बाकी सगळे 'ठीक' होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. वरची प्रत तुकडीत राहिली, आतली वरिष्ठांकडे गेली."

"और आपने कॉपी मिलाई नहीं."

"नहीं. यादी न्यायला माणूस उभा होता. पण ते कारण नाही. मिलवायला हव्या होत्या."

हे दुःख जगात फक्त कारकुनालाच कळेल. आणि समोर कारकून होता. श्रीकृष्ण बाबूंनी उठून दार लावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "फॉर्म-वॉर्म छोड़िए. हम सीधा पत्र बनाते हैं. गलती करने वाला खुद गवाह है, इससे पक्का क्या होगा. बस, उस जमाने का कोई कागज चाहिए. जिसमें तारीख हो, जखम हो, अस्पताल हो."

मी पिशवीतून निळं अंतर्देशीय काढलं. पाच डिसेंबर. टाँग. बावीस दिवस. टपालाचा शिक्का स्पष्ट.

"वाह!" ते म्हणाले. "दीमक से आपने बचा के रखा."

कौतुक होतं. मी ते कसं घ्यावं हे मला समजलं नाही.

पत्र त्यांनी केलं. पाऊण पान. मी वाचून म्हटलं, थोडी पार्श्वभूमी— त्यांनी नुसतं बघितलं. प्रकरण वर गेलं.

जानेवारी गेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. अभिलेख तपासले, तुकडीकडची वरची प्रत सापडली, अर्जदाराचं म्हणणं बरोबर दिसतं, दुरुस्तीची कारवाई सुरू आहे. मी हे वाक्य चार वेळा वाचलं. खाली मात्र एक त्रुटी काढली होती. वर कोणीतरी नियमानं चालणारा माणूस बसलेला असणार. अशी माणसं अजून आहेत याचा मला एरवी आनंदच होतो. त्रुटी अशी : 'संलग्न पत्र दिनांक १२-३-१९७५ पर प्राप्तकर्ता द्वारा क्या कार्रवाई की गई, स्पष्ट नहीं है. उत्तर की प्रति संलग्न करें, ताकि प्रकरण पूर्ण किया जा सके.'

उत्तराची प्रत.

"लिख दीजिए कि उत्तर नहीं दिया," श्रीकृष्ण बाबू म्हणाले. "सच तो यही है."

घरी येऊन मी जानकीला कागद दाखवला. तिनं वाचला आणि इतकी हसली की खुर्चीवर बसावं लागलं. "मी नोव्हेंबरात सांगितलं तर ऐकलं नाही. आता सरकारनं लेखी सांगितलंय." मग डोळे पुसून म्हणाली, "बसनं जाऊन या ना. दोन तासांत पोचाल. मीही येते."

"जाऊ," मी म्हटलं. "पण आधी पत्र. त्यानं पत्र लिहिलं होतं."

हा माझा हट्ट तिला पटला नसावा, पण तिनं टेबल पुसून दिलं. कार्बन पेपर आता सहज मिळत नाही. मुकेशजींच्या एका जुन्या पावतीपुस्तकातला घेतला. त्यांना कारण सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तो फिर वो मंडप?"

"वो जयसिंग का था."

"फिर से लगवाना पड़ेगा," ते म्हणाले, आणि विचार करत घरी गेले. मला वाटतं ते रागावले होते, पण मांडवाचं नाव काढल्यावर त्यांना फार वेळ रागावता येत नाही.

दोन कागद, मध्ये कार्बन. चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. पेननं लिहिलं, एकेक ओळ पूर्ण करत :

"भाई जयसिंग, राम-राम. तुम्हारा पत्र दिनांक १२ मार्च १९७५ का मिला. देर हुई. तुम ट्रैक्टर से नहीं गिरे. तुम मेरा टाइपरायटर लाने गए थे और मैंने देखा है. फिर उसी टाइपरायटर पर तुम्हारी चोट मैंने अपने नाम लिख दी. गलती से, पर बाद में चुप रहा, वह गलती से नहीं. सरकार सुधार रही है, उसका कागज साथ में है. यह मंडी में सबको पढ़वा देना. तुमने एक कागज माँगा था. — शरदचंद्र."

टाचण्या काढल्या आणि प्रत पत्राशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहिली. प्रत्येक ओळ तिच्या जागी होती. जानकीनंही पाहिली. एवढी काळजी चोपन्न वर्षांपूर्वी घेतली असती तर, असं ती म्हणाली नाही. म्हणायला हरकत नव्हती.

डाकघरात मी म्हटलं, रजिस्टर्ड करायचं आहे. खिडकीतली मुलगी म्हणाली, "बाबूजी, अब वो वाली रजिस्ट्री बंद. सब स्पीड पोस्ट में ही जाता है."

"स्पीड?"

"हाँ. कल-परसों पहुँच जाएगा."

इतकी घाई नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातातही पाकीट होतं. सवयीनं मी बाजूला सरकून 'आप पहले' म्हणणार, तोच जानकीनं माझं कोपर घट्ट धरलं. मी पाकीट आत सरकवलं. मुलीनं वजन केलं, पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं. तेवढाच आवाज झाला.

पायऱ्या उतरताना जानकी म्हणाली, "आणि त्यानं उत्तर पाठवलं नाही तर?"

"दोन हजार शहात्तरपर्यंत," मी म्हटलं, "मी एक शब्द बोलणार नाही."